काला घोड्याचे 35 फूट आणि तुमच्या दाराची पायरी

बडोद्यात पावसाने जोर धरला की दोन प्रश्न घरोघरी फिरू लागतात. "आजवा किती?" आणि "काला घोडा किती?" पहिला आजवा सरोवराच्या पातळीबद्दल, दुसरा सयाजीबागेजवळच्या काला घोडा पुलाखालून जाणाऱ्या विश्वामित्री नदीबद्दल. दांडिया बाजारातल्या आजी असोत की गोत्रीत नवव्या मजल्यावर राहणारा त्यांचा नातू, उत्तर फुटांतच हवं असतं. 2024 च्या ऑगस्टअखेरीस दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 35 च्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी पंचवीस-सव्वीसला येते.

गंमत म्हणजे हे दोन आकडे एकाच शून्यापासून मोजलेले नाहीत. आजव्याची पातळी 212 फूट असं म्हणतात, तेव्हा ती तलावाची खोली नव्हे. ती समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. काला घोड्याचे 35 फूट म्हणजे नदीच्या त्या जागच्या पट्टीवर दिसणारा आकडा. घरात पाणी शिरणार का, याचं उत्तर दोन्हींतून मिळत नाही. त्यासाठी तिसरा आकडा लागतो: आपल्या दाराच्या पायरीची लेव्हल, नदीच्या पट्टीचं शून्य जिथे आहे त्याच मापाने काढलेली. हा आकडा बहुतेकांना ठाऊक नसतो. आर्किटेक्टला असतो, निदान असायला हवा, कारण जमिनीची लेव्हल घेतल्याशिवाय नकाशा सुरूच होत नाही. आर्किटेक्टांनी शहराच्या प्रश्नांत तोंड घालावं का, यावर अधूनमधून वाद झडतो. घालावंच, आणि येताना सुंदर रंगीत चित्रांच्या आधी हा आकडा घेऊन यावं, असं माझं मत आहे.

पुराची उंची किती पाणी पडलं एवढ्यावरच ठरत नाही. ते पाणी किती वेळात नदीपाशी पोहोचलं, यावरही ठरते. तेवढंच पाणी दोन दिवसांत हळूहळू आलं तर नदी फुगते आणि ओसरते. सहा तासांत आलं तर काठ सोडते. जलशास्त्रात पावसाच्या वेळेनुसार नदीच्या प्रवाहाचा आलेख काढतात. त्यातलं शिखर बुटकं आणि पसरट करणं म्हणजेच पूरनियंत्रण. शिखर किती उंच जाणार याचा अंदाज बांधायचं एक साधं सूत्र दीडशेहून अधिक वर्षं वापरात आहे: पावसाचा वेग, गुणिले जमिनीचं क्षेत्रफळ, गुणिले एक गुणांक. हा गुणांक सांगतो की पडलेल्या पावसातला किती हिस्सा मुरण्याऐवजी वाहून जाणार. झाडं आणि मोकळी माती असलेल्या सपाट जागेसाठी तो 0.2 ते 0.3 धरतात, छप्पर, काँक्रीट, डांबर यांच्यासाठी 0.9 च्या आसपास.

एक सोसायटी घेऊ. प्लॉट 2000 चौरस मीटर, तासाभरात पाऊस 50 मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, तेव्हा त्या प्लॉटवर 1 लाख लिटर पाणी पडलं. पूर्वी तिथे बंगला आणि भोवती वाडी होती तेव्हा वीस-तीस हजार लिटर बाहेर यायचं. आता प्लॉटभर इमारत, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक, म्हणजे नव्वद हजार. दहा हजार लिटरचे नऊ टँकर एका तासात रस्त्यावर ओतले, आणि हे एकाच गेटातून. पेव्हरच्या फटींतून पाणी मुरतं असं बिल्डर सांगतात. खाली काँक्रीटचा थर असेल तर ते कुठे मुरणार?

पण मातीचं गुणगान गाताना थोडं जपायला हवं. 31 जुलै 2019 ला बडोद्यात 24 तासांत सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी, किंवा ऑगस्टअखेर जमीन आधीच भिजून तट्ट झालेली असताना, बागही काँक्रीटच्या जवळपास वागते. मुरवायला जागा उरत नाही. रोजच्या पावसाचं पाणी बागा, शोषखड्डे, परकोलेटिंग (पाणी जमिनीत मुरवणाऱ्या) विहिरी थोपवू शकतात. मोठ्या पुराला मात्र मुरण्यापेक्षा थांबण्यासाठी जागा लागते, आणि ही जागा बडोद्यात निसर्गाने करून ठेवलेली होती. तिला इथे कोतर म्हणतात.

विश्वामित्री पावागढाकडून येते आणि शहरात शिरल्यावर वळणं घेत घेत जाते. तिचे काठ गाळाच्या मऊ मातीचे. या मातीत पावसाच्या पाण्याने हजारो वर्षांत घळी कोरल्या, त्याच कोतरं. नदी चढली की पाणी उलटं कोतरांत शिरतं, तिथे झाडाझुडपांत थांबतं आणि नदी उतरू लागली की परत येतं. समजा, एक कोतर 200 मीटर लांब, 20 मीटर रुंद, 4 मीटर खोल आहे. त्यात 16,000 घनमीटर पाणी मावतं, म्हणजे 1 कोटी 60 लाख लिटर. त्या सोसायटीसारख्या दीडशेहून अधिक सोसायट्यांचं तासाभराचं पाणी एकट्या कोतराने धरून ठेवलं. आता त्यातच पाडकामाचा मलबा टाकायला सुरुवात करा. डंपरमागे दहा घनमीटर धरले तर सोळाशे खेपांत कोतर सपाट, वर हिरवळ लावली की प्लॉट तयार. एकेक खेप कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

नदीकाठ सजवण्याची योजना पुढे आली तेव्हा अहमदाबादच्या साबरमतीचं उदाहरण तयारच होतं. पण साबरमतीचं पात्र रुंद आणि वाळूचं. विश्वामित्री अरुंद, खोल, वळणावळणाची. वळण सरळ केलं की तेवढाच उतार कमी अंतरात येतो, पाण्याचा वेग वाढतो आणि खालच्या अंगाचे काठ खचू लागतात. शिवाय हे काठ मगरींचे. त्या मातीत बिळं करतात, अंडी घालतात. काँक्रीटच्या भिंतीत त्यांना काही करता येत नाही. 2025 च्या गणनेत त्या चारशेच्या वर भरल्या, शहराच्या पोटातून जाणाऱ्या नदीत. योजनेविरुद्ध 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पीठाकडे अर्ज गेला. त्यामागच्या अभ्यासात पर्यावरण कार्यकर्त्यांच्या जोडीला नगररचनाकार आणि प्राणिशास्त्राचे जाणकार होते, आणि मला वाटतं तिथेच प्रकरणाला वजन आलं. कोतर सुंदर आहे म्हणून वाचवा, हा भावनेचा मुद्दा झाला. कोतर हा नदीचाच भाग आहे, हे पातळ्या आणि नकाशे घेऊन मांडता येतं. 25 मे 2021 च्या आदेशात लवादाने पूरमैदान आखून जपायला आणि नदीच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा राबवायला सांगितलं. 2024 चा पूर त्यानंतर तीन वर्षांनी आला.

त्यानंतर, 2025 च्या पावसाळ्याआधी, नदीतला गाळ उपसणं आणि पात्र रुंद करणं घाईघाईने झालं. पात्र मोठं केलं की शहरातली पातळी उतरते, यात शंका नाही. पण झुडपं काढून काठ गुळगुळीत केले की पाणी खालच्या गावांना लवकर पोहोचतं. विश्वामित्री पुढे ढाढरला मिळते; तिथल्या शेतकऱ्याला आपला वेगवान पूर नको आहे. म्हणून वरच्या अंगाला पाणी थांबवणं आणि शहरात पात्र मोकळं ठेवणं, ही कामं जोडीनेच करावी लागतात.

आता रस्त्यावर येऊ. बडोद्यातल्या कितीतरी जुन्या सोसायट्या एकेकाळी रस्त्यापेक्षा वर होत्या. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर चढतो. थर दोन इंचाचा म्हटला तर सहा थरांत एक फूट, आणि सोसायटी वाटीच्या तळाशी. उपाय नवा नाही, महागही नाही: आधीचा थर यंत्राने खरवडायचा आणि मगच नवा टाकायचा. पण कामाच्या निविदेत तसं लिहिलेलं नसेल तर ठेकेदार कशाला खरवडेल? इथे आर्किटेक्टने काढलेला पायरीचा आकडा कामाला येतो. "पाणी तुंबतं हो साहेब" या तक्रारीची फाईल होते आणि पडून राहते. "1998 च्या मंजूर नकाशात जोतं रस्त्यापेक्षा 45 सेंटिमीटर वर, आज 10 सेंटिमीटर खाली" अशी नोंद सहीशिक्क्यासह दिली की इंजिनियरला लेखी उत्तर द्यावं लागतं.

पुराच्या दिवशी शहराचे दोन तुकडे होतात. स्टेशन नदीच्या पश्चिमेला, सयाजी हॉस्पिटल पूर्वेला. पूल बंद झाले की अलकापुरीचा माणूस रावपुऱ्याला जाऊ शकत नाही. अलकापुरीचं गरनाळं तर त्याच्या खूप आधी भरतं, साध्या जोरदार सरीतही, कारण रेल्वेखालून जाण्यासाठी रस्ता खाली उतरवलेला आहे आणि आजूबाजूचं सगळं पाणी त्या खळग्याकडे धावतं. पंप वाढवून थोडा फरक पडेल. गरनाळ्याच्या वरच्या अंगाचं पाणी वाटेतच अडवलं तर जास्त पडेल.

गरिबांच्या घरांचा प्रश्न याच लेव्हलशी बांधलेला आहे. नदीकाठची सखल जमीन स्वस्त, म्हणून वस्ती तिथे. पूर आला की पहिलं पाणी त्यांच्याकडे, आणि वस्ती हलवायची म्हटलं की नवी घरं शहराच्या टोकाला, जिथून धुण्याभांड्याच्या कामाला यायचं तर शेअर रिक्षात दोनदा बदल. पुरातून सुटका झाली आणि रोजी गेली, तर माणसं परत काठावर येतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्यात मात्र एक चांगली सोय आहे: टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीममध्ये सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून फेरवाटप होतं. त्यात रस्त्यांसाठी 15 टक्के, बागा-मैदानांसाठी 5 टक्के आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठी 10 टक्क्यांपर्यंत जमीन ठेवता येते. म्हणजे शहरात, कामाच्या जवळ, स्वस्त घरांना जागा कागदावर असते. तो प्लॉट उंचवट्यावर पडला की खळग्यात, हे टक्केवारीतून कळत नाही.

टीपीच्या त्याच नकाशात कांसही हरवते. भूखी, मसिया, रूपारेल या बडोद्याच्या कांसा, म्हणजे पावसाचं पाणी नदीला नेणारे ओढे. वेडेवाकडे प्लॉट चौकोनी करताना कांस रस्त्याकडेच्या सरळ गटारात बसवली जाते, कधी पाइपात. पाणी मात्र अजून जुन्या उतारानेच येतं. पॅट्रिक गेडेस 1916 मध्ये सयाजीरावांच्या राज्यात बडोद्याच्या वाढीचा अहवाल लिहून गेले. आधी शहर पायी फिरून तपासा आणि मग उपाय सांगा, हा त्यांचा सर्वत्र आग्रह. कांसेच्या बाबतीत तो अजून लागू आहे.

उन्हाळ्याचं थोडक्यात. एक लिटर पाण्याची वाफ होताना विजेच्या सुमारे 0.68 युनिटइतकी उष्णता शोषली जाते. दीड टनाचा एसी तासाभरात खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढतो, तेवढी आठ लिटर पाण्याच्या बाष्पीभवनात जाते, आणि ती मागच्या गल्लीत फेकली जात नाही. कोतर, तलाव, अंगणातला कडुनिंब हे काम फुकट करतात. पावसाचं पाणी थोपवणारी आणि मे महिना सुसह्य करणारी जागा एकच, हा मुद्दा सभेत पटकन पटतो. पूर विसरला जातो, मे दरवर्षी येतो.

टीपीचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी कायद्याने एक महिना दिलेला आहे. त्या महिन्यात मसुद्याचा नकाशा काढून त्यावर कांसेचा जुना मार्ग आणि गेल्या पुराच्या खुणा चढवाव्यात. भिंतीवरची पाण्याची रेषा रंगवून झाकण्याआधी मोजून, तारखेसह फोटो काढून ठेवलेला असेल तर फारच उत्तम. अर्जात सर्व्हे नंबर, फायनल प्लॉट नंबर (फेरवाटपानंतरच्या प्लॉटचा), मोजलेली लेव्हल आणि ती कुठल्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेपासून घेतली हे यावं. बदल काय हवा तो एका ओळीत. घरी आपण मराठी बोलत असलो तरी अर्ज गुजरातीत लिहावा, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.