चतुर : ॲक्रिलिक रंगांतील सजावटी चित्रण

चतुर या कीटकाची आकृती लाकूड, दगड, काच किंवा कॅनव्हासवर ॲक्रिलिक रंगांनी आणि साध्या साधनांनी रंगवण्याचा हस्तकलेतील एक प्रकार. लांबट शरीर, ठळक डोळे आणि पंखांच्या दोन जोड्या एवढ्यावर आकृती ओळखू येते, म्हणून नवशिक्यांच्या हाती ती लवकर बसते. सजावटीत चतुराला मानाचे स्थान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आर नूव्हो या वळणदार, निसर्गाकृतींच्या सजावट शैलीच्या काळात मिळाले. फ्रेंच दागिने-कलाकार रने लालीक यांचा स्त्री आणि चतुर यांच्या संयोगाचा दागिना लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. न्यूयॉर्कच्या टिफनी स्टुडिओ या रंगीत काचकामाच्या कार्यशाळेसाठी क्लारा ड्रिस्कॉल यांनी चतुरांचे दिवे आखले. त्यांत पंखांच्या शिरा दाखवण्यासाठी रंगीत काचेवर धातूची बारीक जाळी बसवलेली असे. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग बाजारात आले ते 1950 च्या दशकात, आणि जाळीचे हे काम बारीक ब्रशच्या वाट्याला आले.

सजावटी चतुर बहुतेक वेळा पुरता चतुर नसतो. त्याला टाचणीचे पंख असतात. टाचणी हा चतुराच्या जवळच्या नात्यातला नाजूक कीटक. तिचे चारही पंख मुळाशी अरुंद, तर चतुराचे मागचे पंख मुळाशी चांगले रुंद. चित्रातल्या पंखांना टाचणीचे रूप येण्याचे कारण ब्रशमध्ये आहे : गोल ब्रश पंखाच्या टोकाशी दाबून शरीराकडे ओढत अलगद उचलला, की एकाच फटक्यात थेंबासारखा पंख उमटतो आणि मुळाशी आपोआप निमुळता होतो. ही सवलत चालून जाते. खऱ्याच्या जवळ जायचे असेल, तर मागच्या पंखाच्या मुळाशी आणखी एक आखूड फटका पुरतो. मात्र पंख उदरावर, म्हणजे शरीराच्या मागच्या लांबट भागावर, पसरवलेले असले, की चित्र कितीही रेखीव असो, खटकते. चारही पंख आणि सहाही पाय वक्षाला, म्हणजे डोक्यामागच्या छातीच्या भागालाच, जोडलेले असतात. फुलपाखरासारख्या लांब मिशाही नकोत. चतुराच्या मिशा केसासारख्या बारीक आणि आखूड असतात.

लाकडाला पॉलिश पेपर घासून जेसोचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या अस्तराचा, हात देतात. काच स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढला नाही, तर रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. पंख आधी आणि शरीर नंतर रंगवतात, म्हणजे पंखांची मुळे शरीराखाली झाकली जातात.

पंख पारदर्शक दिसणे ही या कामातली खरी परीक्षा. पार्श्वभूमी गडद ठेवून ती पूर्ण वाळल्यावर पांढरा किंवा निळसर रंग अगदी पातळ थरांत चढवतात. रंग केवळ पाण्याने फार पातळ केला, तर त्यातला रंग बांधून ठेवणारा पॉलिमर विरळ होऊन थर कमकुवत बनतो. त्यासाठी ग्लेझिंग मीडियम, म्हणजे रंग पातळ व पारदर्शक करणारे ॲक्रिलिकचेच द्रावण, वापरावे. ॲक्रिलिक वाळल्यावर पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे वरचा थर देताना खालचा उखडत नाही. झळाळीसाठी मोतिया रंग वापरतात. त्यांतली चमक अभ्रकाच्या लेपित कणांची असते आणि ती काळ्या किंवा गर्द निळ्या तळावर सर्वाधिक खुलते. पांढऱ्यावर जवळजवळ हरवते.

शिरांसाठी लांब केसांचा लायनर ब्रश आणि शाईइतका पातळ रंग लागतो. दुसरा मार्ग उलटा आहे : पंखाचा रंग ओला असतानाच टूथपिकने रेघा खरवडायच्या, म्हणजे खालचा गडद थर उघडा पडतो. ॲक्रिलिक भराभर वाळत असल्याने एका वेळी एकच पंख घ्यावा. सगळी जाळी काढू पाहणारा त्या जाळीत अडकतो. पुढच्या कडेची जाड शीर, त्या कडेवर मध्याच्या आसपासची खाच आणि टोकाजवळचा गडद ठिपका एवढे नेमके जमले, तर बाकीच्या पाच-सात रेघांत भागते.

शरीर ठिपक्यांनी उत्तम साधते. डॉटिंग टूल (गोल टोकाची ठिपके देण्याची काडी), विणकामाच्या सुईचे टोक किंवा पेन्सिलमागचे रबर यांपैकी काहीही चालते. वक्षासाठी मोठा ठिपका देतात. मग टूल एकदाच रंगात बुडवून शेपटीच्या दिशेने ओळीने टेकवत जातात. रंग संपत जातो तसा प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा लहान उमटतो. खऱ्या उदराचे खंड दहा असतात, सजावटीत सात-आठही चालतात. डोळे एकमेकांना भिडवावेत, कारण बहुतेक चतुरांचे डोळे माथ्यावर जुळलेले असतात. टाचणीचे मात्र दूर असतात. डोळ्यांच्या गडद रंगावर पांढऱ्याचा एक बारीक कण ठेवला, की ते ओले दिसतात.

जाड ठिपके वरून कोरडे भासले तरी आतून ओले असतात, म्हणून वॉर्निशची घाई करू नये. मोतिया रंग वापरला असेल, तर वॉर्निश चकचकीतच निवडावे. मॅट वॉर्निशमुळे प्रकाश विखुरतो, गडद तळ राखट होतो आणि पंखांची झळाळी मंदावते.