जनाची, मग मनाची

‘जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग’ असं आपण सुनावतो तेव्हा जन वेगळे आणि मन वेगळं, हे धरूनच चालतो. युरोपच्या तत्त्वज्ञानातही बराच काळ तसंच चाललं. १६३७ साली फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ असं लिहिलं आणि जाणीव ही ज्याची त्याची खासगी बाब ठरली. १८७४ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलेने तर तिला वाफेच्या इंजिनाची शिट्टी म्हटलं. वाजते, पण गाडी ओढत नाही.

मग ती हवीच कशाला? जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने १८८७ मध्ये उत्तर दिलं: एकट्याने शिकार करून जगणाऱ्याला तिची गरजच पडली नसती. माणूस दुबळा, त्याला मदत लागे. ती मागायची तर आपल्याला काय होतंय हे आधी स्वतःला कळायला हवं. जाणीव मुळातच समाजाची उपज आहे, हे मार्क्स आणि एंगल्स यांनी चाळीसेक वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं. पण ते हस्तलिखित पूर्ण छापून यायला १९३२ उजाडलं.

याचा पुरावा मिळू लागला तो लहान मुलांकडून. खेळता खेळता मूल स्वतःशीच मोठ्याने बोलतं. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या मते वयाबरोबर ही सवय सुटते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्की म्हणाला, सुटत नाही, आत जाते. मनातल्या मनात बोलणं होते. त्याने अशा मुलांना परभाषी मुलांमध्ये बसवून पाहिलं, तर त्यांची ही बडबड एकदम कमी झाली. स्वतःशीच चाललेलं बोलणं समोरच्याला समजत नाही म्हणून का थांबावं? मला हा प्रयोग फार आवडतो.

१९७० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॅलपने बेशुद्ध केलेल्या चिंपांझींच्या भुवईवर आणि कानावर लाल रंग लावला. शुद्धीवर आल्यावर आरशात पाहून ते स्वतःचाच डाग चाचपू लागले. जन्मापासून एकटे वाढवलेले चिंपांझी मात्र त्यात नापास झाले. म्हणजे स्वतःला ओळखायलाही आधी सोबत लागते.

१९७६ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ निकोलस हम्फ्रीने वेगळाच प्रश्न विचारला. रवांडाच्या जंगलात त्याने गोरिला पाहिले होते. हाताशी पाला मुबलक, शत्रू थोडे. मग एवढी अक्कल कशासाठी? एकमेकांसाठी, असं त्याचं उत्तर. पुढे जाणीवही त्याने याच हिशेबात धरली: आपल्या मनात डोकावता आलं की दुसऱ्याच्या मनाचा अंदाज बांधता येतो.

यातून ‘मी’चं भान उलगडतं. वेदना जाणवण्याचं कोडं मात्र तसंच राहतं. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने ऑक्टोपसलाही संवेदनाक्षम मानलं, आणि तो तर बहुतेक आयुष्य एकट्यानेच काढतो.