पोषण आणि सार्वजनिक धोरणे (भारत)

बालके, किशोरवयीन मुली, गरोदर व स्तनदा माता यांचे पोषणमान सुधारावे म्हणून शासनाने अन्नपुरवठा, समाजकल्याण, पाणी-स्वच्छता आणि शिक्षण या क्षेत्रांत केलेले कायदे, योजना व कार्यक्रम. लोकांचे पोषणमान व राहणीमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे भारतीय राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. घटनेत हे सारे एका वाक्यात असले, तरी कारभारात त्याची वाटणी झाली. महाराष्ट्रात अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आहे, रेशन अन्न व नागरी पुरवठा विभागाकडे, शाळेतली खिचडी शालेय शिक्षण विभागाकडे, नळ आणि शौचालय पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाकडे, तर जंताची गोळी आरोग्य विभागाकडे. कुपोषण हा अनेक क्षेत्रांत गुंतलेला प्रश्न आहे, हे १९९३ च्या राष्ट्रीय पोषण धोरणाने मान्य केले. खात्यांची कामे एकत्र आणणे मात्र त्यानंतरही अवघडच राहिले. अन्न वाटण्याच्या कामाला कायदा, निधी आणि न्यायालयाचे पाठबळ मिळाले. खाल्लेले अन्न मुलाच्या अंगी लागावे यासाठी जे लागते, म्हणजे स्वच्छ पाणी, आईचे वय, तिचे शिक्षण, गरोदरपणातली विश्रांती, ते वेगवेगळ्या फायलींमध्ये विखुरलेले राहिले.

महाराष्ट्रात हे तुटलेपण उघड्यावर आणले ते १९९२-९३ मधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी. तेव्हाच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील जव्हार तालुक्याचा हा आदिवासी भाग. असे मृत्यू सरकारी कागदावर जुलाब, न्यूमोनिया, गोवर या नावांनी नोंदले जातात. हाताला नसलेले काम, पावसाळ्यात तुटणारी वाट आणि संपलेली कणगी यांना त्या रकान्यात जागा नसते. या प्रकरणानंतर राज्याने १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आणली. तिने नवे असे फारसे काही वाटले नाही. रोजगार हमीची कामे, आरोग्यसेवा, पिण्याचे पाणी, पोषण आहार, धान्यपुरवठा, धान्यकोष आणि खावटी कर्ज ही चालूच असलेली कामे तिने आदिवासी भागापुरती एकत्र बांधली आणि त्यांची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली. यांतली खावटी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जुने धान्य सरलेले आणि नवे अजून शेतातच, अशा पावसाळी महिन्यांसाठी हे कर्ज आदिवासी विकास महामंडळाकडून मिळत असे. वर्षातला नेमका कोणता काळ उपाशी जातो याचे भान असलेल्या योजना फार नाहीत. ही त्यांपैकी एक होती.

अन्नाचा हक्क

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवणे), पूर्वप्राथमिक शिक्षण आणि माता-पालकांना आरोग्य व पोषणाचे शिक्षण अशी तिची रचना होती. गावात ती ओळखली गेली ती मुख्यतः आहारामुळे. शाळेतल्या जेवणाची परंपरा त्याहून जुनी आहे. मद्रास महापालिकेने १९२० च्या दशकात ते सुरू केले, तेव्हाच्या मद्रास राज्याचे मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ मध्ये त्याला राज्यव्यापी रूप दिले आणि तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये ते आणखी वाढवले. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ची. तिच्यात बहुतेक राज्यांनी अन्न शिजवलेच नाही. महिन्यात ८० टक्के हजेरी भरली की मुलाने तीन किलो तांदूळ किंवा गहू पिशवीत घालून घरी न्यायचा, असा व्यवहार होता. ते धान्य घरातल्या सगळ्यांच्या पोटात जाई. मुलाच्या वाट्याला त्यातले किती येई, हे कोणी पाहत नसे.

हे बदलले ते पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये केलेल्या याचिकेमुळे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशात प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत वर्षाचे किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न द्यावे असे फर्मावले. याच खटल्यात २००४ मध्ये अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यातून ठेकेदारांना बाजूला करण्याचा आदेश निघाला. ठेकेदार मात्र सहजी गेले नाहीत. महाराष्ट्रात टीएचआरच्या, म्हणजे घरी न्यायच्या पाकीटबंद आहाराच्या, कंत्राटावरून वर्षानुवर्षे वाद चालले. छोट्या बचत गटांना शर्यतीतून बाहेर ढकलणाऱ्या अटींची राज्याची निविदा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केली.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ने या आदेशांचे हक्कात रूपांतर केले. ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्के व शहरी लोकसंख्येच्या ५० टक्के लोकांपर्यंत माणशी महिना पाच किलो धान्य, अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला ३५ किलो, पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनांचे जेवण, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने, गरोदर स्त्रीला किमान सहा हजार रुपयांचा मातृत्व लाभ, हे त्यातले ठळक भाग. त्याच कायद्यातले पाचवे कलम फारसे कोणी उद्धृत करत नाही. प्रत्येक शाळेत व अंगणवाडीत स्वयंपाकाची, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतेची सोय असली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. जेवण आणि पाणी यांची सांगड घालणारी एवढी स्पष्ट तरतूद दुसरीकडे क्वचितच सापडते.

या सोयी नसल्या तर काय होते ते १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावाने पाहिले. कीटकनाशकाने दूषित झालेले शाळेतले जेवण खाऊन २३ मुले दगावली. वाटपापूर्वी मोठ्या माणसांनी चव घेऊन तशी नोंद करण्याच्या नियमाचा आग्रह त्यानंतर वाढला, आणि महाराष्ट्रातल्या शाळांमध्येही ‘चव रजिस्टर’ मुख्याध्यापकाच्या टेबलावर आले. २०२१ पासून ही योजना ‘पीएम पोषण’ या नावाने चालते.

ताटात काय असावे यावरचे राजकारण मात्र कायद्याने मिटलेले नाही. राज्याच्या आदिवासी क्षेत्रात २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतच एक वेळचा चौरस आहार मिळतो आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी. सर्वसाधारण शाळांत आठवड्याला एक अंडे देण्याची सुरुवात २०२३ च्या अखेरीस झाली. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागाकडे बोट दाखवले. स्वस्त, भेसळ करायला अवघड आणि मुलाच्या हाती अख्खे पडणारे दुसरे प्रथिन शोधून सापडत नाही, हे पाहता हा निर्णय पोषणाच्या हिशेबात बसत नाही.

शौचालय आणि मुलाची उंची

विष्ठेतले जंतू हात, माशा, पाणी यांवाटे पोटात जात राहिले की मुलाला वरवर जुलाब न होताही आतड्याचे अस्तर खराब होते. अन्नरस नीट शोषला जात नाही, आणि शरीराची शक्ती वाढीऐवजी जंतूंशी झुंजण्यात खर्च होते. उघड्यावर शौच आणि भारतीय मुलांची खुंटलेली उंची यांचा संबंध अर्थशास्त्रज्ञ डीन स्पिअर्स यांनी याच अंगाने मांडला. त्यांचा व जेफ्री हॅमर यांचा एक प्रयोग महाराष्ट्रातला आहे. संपूर्ण स्वच्छता अभियानाच्या काळात, २००४ मध्ये, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील गावे चिठ्ठी टाकावी तशी निवडून काहींमध्ये मोहीम आधी राबवली गेली, आणि तिथल्या मुलांच्या उंचीत फरक आढळला. प्रयोग इतर जिल्ह्यांतही व्हायचा होता. तिथे तो प्रत्यक्षात उतरलाच नाही. म्हणजे हा निष्कर्ष शासन यंत्रणा चालली त्या जिल्ह्याचा आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचावा लागतो.

पुढे ओडिशा व मध्य प्रदेशातल्या चाचण्यांत शौचालये बांधूनही मुलांच्या वाढीवर परिणाम दिसला नाही. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांतही उंची वाढली नाही. यावरून स्वच्छता निरुपयोगी ठरत नाही. घरापुरता एक खड्डा आणि हात धुण्याचा सल्ला एवढ्याने गावातली विष्ठा मुलाच्या तोंडापासून दूर राहत नाही, इतकेच त्यातून निघते. वस्तीतली बहुतेक घरे उघड्यावर शौचाला जात असतील तर एका घराच्या शौचालयाने त्या घरातल्या मुलाचेही भागत नाही.

धोरणाची गाडी मात्र बांधकामाच्या रुळावर धावली. महाराष्ट्रात २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचा भर लोकसहभागावर आणि गावांच्या चुरशीवर होता. २ ऑक्टोबर २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानाने प्रत्येक शौचालयामागे १२ हजार रुपये दिले आणि पाच वर्षांत हागणदारीमुक्तीची घोषणा केली. नळाचे जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला आले. शौचालय आधी आणि पाणी नंतर हा क्रम उलटा होता. हंडाभर पाण्यासाठी विहिरीत उतरावे लागणाऱ्या पाड्यावर तीन-चार तांबे पाणी शौचालयात ओतणे कोणालाच परवडत नाही, आणि मग त्या खोलीत सरपण रचले जाते.

आकडेही सरळ रेषेत चालत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते, ते २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्क्यांवर आले. २००५ मध्ये स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचा काळ तो हाच. सर्वेक्षणाच्या पुढच्या (२०१९-२१ च्या) फेरीत ते ३५.२ टक्के झाले आणि उंचीच्या मानाने कमी वजनाची मुले २५.६ टक्क्यांवर जिथल्या तिथे राहिली. या फेरीची राज्यातली पाहणी २०१९ मध्ये, म्हणजे करोनाच्या आधीच, पूर्ण झाली होती. त्यामुळे टाळेबंदीवर याचे खापर फोडता येत नाही.

शिक्षण : वर्ग आणि वय

शाळा ही आहार, जंतनाशक गोळी, लोहाची साप्ताहिक गोळी यांच्या वाटपाची सोयीची जागा आहे. पण मुलगी शाळेत टिकणे हाच एक पोषणाचा उपाय आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या मातांची ४६ टक्के मुले खुंटलेली आढळली. बारावी किंवा पुढे शिकलेल्या मातांची २६ टक्के. यात घरच्या सुबत्तेचाही वाटा आहे, तरी शाळा लग्न लांबवते आणि कोवळ्या वयातले बाळंतपण टाळते हा भाग उरतोच. महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे त्याच सर्वेक्षणाने नोंदवले. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लहानपणी शाळेत जेवण मिळालेल्या स्त्रियांची पुढे झालेली मुले उंचीला सरस आढळली. याचा अर्थ खिचडीच्या खर्चाचा काही परतावा वीस वर्षांनी, दुसऱ्याच खात्याच्या आकड्यात दिसतो.

गावपातळीवर

वर विभागलेली ही सगळी कामे खाली एका बाईपाशी येऊन थांबतात. अंगणवाडी सेविका महिन्याला मुलांचे वजन-उंची घेते आणि दंडाला रंगीत पट्टी लावून दंडघेर मोजते. पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या आत, लाल रंगात गेली की मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. मग त्याला ग्राम बालविकास केंद्रात दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे भरवायचे, आणि आजारी असल्यास पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या नावात सारी खाती नांदतात. तिच्या बैठकीची जुळवाजुळवही बहुधा सेविका आणि आशा (गावातली आरोग्य कार्यकर्ती) याच करतात. मार्च २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानाने त्यात मोबाइलवरच्या नोंदींची भर घातली. सतत बंद पडणारे फोन आणि इंग्रजीतले ॲप यांना कंटाळून राज्यातल्या सेविकांनी २०२१ मध्ये ते फोन सरकारला परत केले.

स्थलांतर हा या रचनेतला सर्वांत मोठा खळगा. बीड-जालन्याच्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात आणि हंगाम संपेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात असतात. पालघर-नंदुरबारची कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. हजेरीपटावर नाव गावातल्या अंगणवाडीत आणि मूल उसाच्या फडावर, अशी स्थिती कित्येक महिने राहते. रेशनपुरता यावर ‘एक देश, एक रेशनकार्ड’ (एकाच कार्डावर देशात कुठेही रेशन) हा उतारा निघाला. आहार आणि लसीकरणासाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या प्रयोगातून राज्याची स्थलांतर मागोवा प्रणाली उभी राहिली, जिच्यात जाणाऱ्या मातेची व मुलांची नोंद निघण्याआधी करून ती मुक्कामाच्या ठिकाणच्या अंगणवाडीला कळवली जाते. फडाजवळ अंगणवाडी असेल तरच त्या नोंदीचा उपयोग होतो, आणि कारखान्याच्या गटाबरोबर दर काही दिवसांनी कोपी (तात्पुरती झोपडी) हलवणाऱ्या टोळीच्या बाबतीत तशी ती बहुधा नसते.