घरातला मृत्यू गाण्यात येतो तेव्हा: चाहत्यांमधल्या मतभेदांची पार्श्वभूमी

लोकप्रिय गायकाने आपल्या घरातल्या मृत्यूवर संथ चालीचं गाणं काढलं की चाहत्यांत लगेच तट पडतात. कुणी तेच तेच गाणं लावून रडतं. कुणी एकदा ऐकतं आणि पुन्हा हात लावत नाही, कारण सोसत नाही. कुणाला त्यात दुःखाची विक्री दिसते. नाचायला लावणाऱ्या गाण्यांसाठी अल्बम घेतलेले कित्येकजण ते ऐकताच पुढच्या गाण्यावर जातात. हे वाद समाजमाध्यमांनी आणले असं अनेकांना वाटतं. वाद पसरायचा वेग त्यांनी वाढवला हे खरंच, पण तट फार जुने आहेत. अशा गाण्याच्या घडणीतच ते असतात. दुःख एका घरातलं असतं आणि गाणं विकत घेणारी घरं लाखो असतात.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 मध्ये, मॅसॅच्युसेट्सचा एक तरुण लेफ्टनंट लढाईत मारला गेला. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरचे जेवायला बसले तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती. त्यावर हेन्री वॉशबर्न यांनी कविता लिहिली आणि जॉर्ज रूट यांनी तिला चाल दिली. ‘द व्हेकन्ट चेअर’ हे ते गाणं. लिहिलं गेलं उत्तरेच्या सैनिकासाठी, पण दक्षिणेतल्या घरांतही ते गायलं गेलं, कारण रिकामी खुर्ची तिकडेही होती. मूळ कुटुंबाच्या हातून गाणं निसटतं ते इथपासून.

1913 साली छापलेल्या ‘डॅनी बॉय’चा प्रवास आणखी बोलका आहे. शब्द लिहिणारे फ्रेडरिक वेदरली इंग्लंडचे, पेशाने वकील; चाल आयर्लंडची. निरोप कोण देतंय हे शब्दांत कुठेच सांगितलेलं नाही. मुलाला लढाईवर धाडणारी आई ऐकू येते, बाप ऐकू येतो, प्रेयसीही ऐकू येते. तो परतेल तेव्हा कदाचित आपण कबरीत असू, असं गाणाऱ्याच्या मनात आहे. कोण गातंय यावर ऐकणारे शंभर वर्षं वाद घालत आले आहेत आणि ज्याचं जे माणूस गेलं, त्याला त्याचाच आवाज त्यात सापडतो. माझ्या मते वेदरलींनी जागा मोकळी सोडली म्हणूनच गाणं टिकलं.

रडवणाऱ्या गाण्यांवर सर्वांत कडक आक्षेप घेतला तो एका संस्थेने. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, बीबीसीने अतिभावुक गाण्यांवर आणि तशा गायकीवर बंदीचं धोरण आणलं. सैनिकांचं आणि घरच्यांचं मन खचेल ही भीती त्यामागे होती. रडणं मोकळं करतं की खचवतं, हा आजच्या चाहत्यांमधला वाद तेव्हा थेट बीबीसीच्या धोरणात उतरला होता.

पुढे प्रश्न बदलला. 1968 मध्ये बॉबी गोल्ड्सबरोचं ‘हनी’ हे पत्नीच्या मृत्यूवरचं गाणं अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पुढे तेच गाणं सर्वांत वाईट गाण्यांच्या याद्यांत वारंवार दिसू लागलं. शब्द बॉबी रसेल यांचे होते, दुःख गायकाचं नव्हतं. लोक रडले आणि आपण फसलो असंही अनेकांना वाटलं. यानंतरच्या पिढीला दुःख खरं हवं होतं, गाणाऱ्याचं स्वतःचं हवं होतं.

ते मिळालं 1970 साली, आणि बीटल्स या एकाच फुटलेल्या बँडमधल्या दोघांकडून. पॉल मॅकार्टनीची आई 1956 मध्ये गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. जॉन लेननची आई 1958 मध्ये गाडीखाली आली तेव्हा तो सतरा वर्षांचा. मॅकार्टनीला स्वप्नात आई दिसली, तिने धीर दिला, त्यातून ‘लेट इट बी’ झालं. आईचं नाव मेरी. त्यामुळे असंख्य श्रोत्यांनी ती येशूची आईच मानली आणि गाणं प्रार्थनेसारखं म्हटलं. मॅकार्टनीने त्यांना कधी अडवलं नाही, ज्याला जसं वाटेल तसं घ्यावं अशीच त्याची भूमिका राहिली. लेननने त्याच वर्षी ‘मदर’ केलं. सुरुवातीला प्रेतयात्रेतल्यासारखी घंटा, शेवटी घसा फाटेपर्यंत किंकाळ्या. गेलेली आई आणि टाकून गेलेला बाप, दोघांनाही तो हाका मारतो. पहिलं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, दुसरं 43व्या स्थानाच्या वर सरकलं नाही. याचा अर्थ लेननचं दुःख लोकांनी नाकारलं असा मी लावत नाही. त्यात ऐकणाऱ्याला स्वतःचं माणूस आठवायला उसंतच मिळत नाही. पण आईबापांवरचा राग ज्यांच्या मनात साचलेला आहे, त्यांना ‘मदर’इतकं आपलं गाणं दुसरं मिळणार नाही. दोन्ही गाण्यांचे चाहते एकमेकांना खोटं ठरवतात तेव्हा ते खरं तर आपापल्या घराबद्दल बोलत असतात.

1988 च्या ‘द लिव्हिंग इयर्स’मध्ये तीन बाप आहेत. माइक अँड द मेकॅनिक्स या बँडच्या माइक रदरफोर्डचे वडील वारले होते, सहगीतकार बी. ए. रॉबर्टसनचेही. ज्याने ते गायलं त्या पॉल कॅरॅकचे वडील तो अकरा वर्षांचा असताना अपघातात गेले होते. बाप जिवंत असताना बोलून घ्यायला हवं होतं, हा गाण्याचा गाभा. मार्च 1989 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आलं. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांना हे गाणं फोन उचलायला लावतं. ज्यांचे गेले त्यांना ते टोचतं. आणि ज्यांच्या बापाने कधी बोलूच दिलं नाही, त्यांचा राग मला पूर्ण समजतो, कारण न बोलण्याचा दोष गाणं मुलाच्या पदरातही टाकतं.

मग एरिक क्लॅप्टन. 20 मार्च 1991 रोजी त्याचा चार वर्षांचा मुलगा कॉनर न्यूयॉर्कमधल्या इमारतीच्या 53व्या मजल्यावरून पडून गेला. त्यानंतर विल जेनिंग्ससोबत लिहिलेलं ‘टीअर्स इन हेवन’ ‘रश’ या चित्रपटासाठी बाहेर आलं आणि 1993 मध्ये त्याला तीन ग्रॅमी मिळाली. मुलाचं नाव त्यात नाही, अपघात नाही. बापाला एकच शंका आहे: स्वर्गात भेट झाली तर मुलगा ओळखेल का? याच गाण्यावर सर्वांत तीव्र दुमत झालं. इतकं खासगी दुःख चित्रपटात आणि पुरस्कारसोहळ्यात जावं का, असं विचारणारे होते. दुसरीकडे मूल गमावलेले आईबाप त्याला धरून बसले, कारण मुलाच्या मृत्यूबद्दल त्यांच्याशी कुणी मोकळेपणी बोलत नव्हतं आणि हा माणूस बोलत होता. 2004 मध्ये क्लॅप्टनने ते कार्यक्रमांत गाणं थांबवलं. ज्या जाणिवेतून ते गायचं ती आता उरली नाही, असं त्याने सांगितलं. काही चाहते यावर दुखावले. मला मात्र हा त्याचा सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटतो. दुःख ओसरल्यावर ते रोज रात्री अभिनयाने उभं करणं त्याने नाकारलं. काही वर्षांनी ते पुन्हा त्याच्या कार्यक्रमांत आलं. मधल्या काळात, 2005 मध्ये, त्सुनामीग्रस्तांच्या मदतीसाठी अनेक गायकांनी मिळून ते नव्याने ध्वनिमुद्रित केलं. एका मुलासाठी लिहिलेलं गाणं लाखोंच्या मृत्यूला लावलं गेलं.

ल्यूथर व्हॅन्ड्रॉसने 2003 मध्ये रिचर्ड मार्क्ससोबत ‘डान्स विथ माय फादर’ लिहिलं. त्याचे वडील त्याच्या लहानपणीच मधुमेहाने गेले होते. अल्बम येण्यापूर्वी, एप्रिलमध्ये, त्याला स्वतःला पक्षाघाताचा झटका आला आणि 2005 मध्ये तो गेला. गाण्याच्या शेवटी तो स्वतःपेक्षाही आईसाठी जास्त मागतो, तिला तिचा नवरा परत मिळावा म्हणून प्रार्थना करतो. मुलगा गाताना विधवेचं दुःख मध्ये येतं, म्हणून हे गाणं दोन पिढ्या वेगवेगळं ऐकतात.

घरच्यांची संमती हा मुद्दा एड शीरनच्या ‘सुपरमार्केट फ्लॉवर्स’मध्ये स्पष्ट दिसतो. आजीच्या मृत्यूवरचं हे गाणं त्याने आपल्या आईच्या भूमिकेतून लिहिलं. आजीच्या अंत्यविधीत ते वाजलं आणि अल्बममध्ये घे, असा आग्रह आजोबांनी धरला. मार्च 2017 मध्ये त्या अल्बममधली 16 गाणी एकाच आठवड्यात ब्रिटनच्या पहिल्या वीसात होती. म्हणजे अंत्यविधीतलं गाणं नाचाच्या गाण्यांना लागूनच वाजत होतं. ते मध्येच आल्याने वैतागणारे श्रोते मला निर्दय वाटत नाहीत. दुःखासाठी मनाची तयारी लागते, आणि गाण्यांची यादी ती करू देत नाही.

टेलर स्विफ्टच्या चाहत्यांत हे सगळे धागे एकत्र येतात. 2012 चं ‘रोनन’ कर्करोगाने चौथ्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी गेलेल्या मुलावर आहे. आईने लिहिलेल्या नोंदींतून ते घडलं, म्हणून आईला सहगीतकाराचं श्रेय दिलं गेलं आणि गाण्याचं उत्पन्न कर्करोगविषयक संस्थांकडे गेलं. बाजाराचा आक्षेप इथे उभाच राहू नये अशी ही व्यवस्था होती. 2020 च्या ‘मार्जरी’त स्विफ्टच्या ऑपेरा गायिका आजीचा, 2003 मध्ये गेलेल्या मार्जरी फिनले यांचा, मुद्रित आवाजच मिसळला आहे.

ऑक्टोबर 2022 च्या ‘बिगर दॅन द होल स्काय’मध्ये मात्र कोण गेलं हे सांगितलेलंच नाही. नैसर्गिक गर्भपात झालेल्या अनेक स्त्रियांनी ते लगेच आपलं मानलं. काहींनी त्यावरून गायिकेच्या आयुष्यात काय घडलं असेल याचे तर्क सुरू केले, तर इतरांनी हे तर्क थांबवा म्हणून त्यांना फटकारलं. पहिल्या आणि तिसऱ्या गटाच्या बाजूने मी ठाम उभा आहे. ज्या बाईला आपल्या न जन्मलेल्या मुलासाठी दुसरं गाणं मिळालं नव्हतं, तिला ते आपलं म्हणायला कुणाचा पुरावा लागत नाही. गायिकेचा वैद्यकीय इतिहास शोधत बसण्याचा हक्क मात्र हे गाणं कुणालाच देत नाही.