हातभर लांब शंकूचं झाड

ऑक्टोबर १८२६. आजच्या अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या अम्प्क्वा नदीच्या खोऱ्यात डेव्हिड डग्लस हा स्कॉटिश वनस्पतीसंग्राहक बंदुकीने शुगर पाइन या झाडावरचे शंकू, म्हणजे बिया धरणारी लाकडी बोंडं, पाडत होता. खोड सरळसोट, चढायला सोय नाही आणि शंकू थेट शेंड्याकडच्या फांद्यांना लोंबलेले. वर्षभरापूर्वी एका मूळनिवासी माणसाच्या तंबाखूच्या बटव्यात त्याला मोठाल्या बिया दिसल्या होत्या, तेव्हापासून तो या झाडाच्या मागावर होता. बार ऐकून आठ सशस्त्र मूळनिवासी आले. आणखी शंकू आणा, तंबाखू देतो, असं सांगून डग्लसने त्यांना पाठवलं आणि मिळालेले तीन शंकू घेऊन तिथून निसटला. याला ‘शोध’ म्हणतात. पण त्या बिया तिथल्या लोकांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या खाण्यातल्या होत्या, हे विसरू नये.

हा शुगर पाइन. सुईसारख्या पानांच्या पाइन वृक्षांमधला जगातला सर्वांत उंच. शंकू हातभर लांब, कधी त्याहूनही मोठा. नावातली साखर खोडातली: जखमेतून किंवा जळक्या भागातून पाझरलेला रस खडीसाखरेसारखा साकळतो. चव गोड, पण जास्त खाल्ला तर पोट सुटतं. निसर्गलेखक जॉन म्यूर यांना तो मेपलच्या साखरेपेक्षा सरस वाटे.

१८४९ नंतर सोन्यासाठी कॅलिफोर्नियात लोंढे आले. शुगर पाइनचं लाकूड सरळ चिरतं, त्यामुळे छपराच्या फळ्या याच्याच. चांगला तेवढा भाग घ्यायचा, उरलेलं अजस्र खोड कुजायला सोडायचं, अशी रीत पडली. पुढे मोठ्या कंपन्या उतरल्या. सिएरा नेवाडा पर्वताच्या उतारावरून मडेरा गावापर्यंत पन्नासहून जास्त मैलांच्या लाकडी पन्हळीतून फळ्या पाण्यावर वाहत जात. १९३० मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानालगतची काही राई वाचली, ती धनाढ्य दानशूर रॉकफेलर यांनी पैसा घातला म्हणून.

कुऱ्हाडीपेक्षा मोठं संकट मात्र रोपांबरोबर आलं. १९१० मध्ये फ्रान्सहून कॅनडातल्या व्हँकुव्हरला आणलेल्या पाइनच्या रोपांवर एक बुरशी होती, गव्हावरच्या तांबेऱ्याच्या जातकुळीतली. ती पाइनवरून थेट दुसऱ्या पाइनवर जात नाही. मध्ये करंट किंवा गूजबेरी या बेरीच्या झुडपांपैकी एखादं लागतं. म्हणून १९३० च्या दशकात सरकारने हजारो तरुण ही झुडपं उपटायला लावले. डोंगर मोठे, झुडपं अमाप. रोग थांबला नाही.

त्यात वणवे विझवण्याचं धोरण. पूर्वी दहा-वीस वर्षांनी जमिनीलगतची आग यायची, जाड सालीची झाडं तगायची, खालची दाटी जळून जायची. आग थांबली तशी सावलीतही वाढणाऱ्या व्हाइट फर या झाडांची गर्दी वाढली आणि उजेड मागणारी शुगर पाइनची रोपं तिच्या सावलीत खुरटली. २०१२ पासूनच्या दुष्काळात तहानलेल्या झाडांवर भुंगेरे तुटून पडले.

आशा सापडली ती पाइनच्या सुईसारख्या पानावर. बुरशीने शिरकाव केला की तिथे ठिपका पडतो आणि काही झाडं त्याभोवतीच्या पेशी स्वतःच मारून टाकतात; बुरशीला जिवंत पेशी लागतात, ती तिथेच उपाशी मरते. हा गुण एकाच जनुकातून उतरतो, हे संशोधक बोहन किनलॉक आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवलं. पण त्याच दशकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियातल्या हॅपी कॅम्प गावाजवळ, या जनुकालाही न जुमानणारी बुरशी आढळली. मग ठिपका पडूनही वर्षानुवर्षं तगून राहणाऱ्या झाडांचा शोध सुरू झाला. २०१६ मध्ये शुगर पाइनचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला: डीएनएच्या ३१ अब्ज अक्षरांचा, माणसाच्या दहापट. आजही रोगट राईत एखादं झाड निरोगी दिसलं, की कुणीतरी दोर लावून शेंड्यापर्यंत चढतं आणि शंकू पोत्यात भरून खाली आणतं.