कटऑफ का नसतो? अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांच्या अर्जाची पार्श्वभूमी

विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना अशा लिबरल आर्ट्स कॉलेजांचं, म्हणजे एकाच शाखेत न अडकवता अनेक विषय शिकवणाऱ्या लहान कॉलेजांचं, नाव निघालं की मुंबईतल्या घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कटऑफ किती लागतो?’ या कॉलेजांना कटऑफ नसतो. आपल्याला तो असलाच पाहिजे असं वाटतं, यामागे मोठा इतिहास आहे. तिथे तो नाही, यामागेही आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली आणि त्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे होते. तेव्हापासून अकरावीच्या ऑनलाइन गुणवत्ता यादीपर्यंत गुण हेच प्रवेशाचं चलन राहिलं. या पद्धतीचा एक मोठा गुण मान्य करायला हवा: यादी भिंतीवर लागते आणि ती कुणालाही तपासता येते.

अमेरिकेतही सुरुवात परीक्षेनेच झाली. विल्यम्स १७९३चं, ॲमहर्स्ट १८२१चं. लॅटिन-ग्रीक येणाऱ्या मुलांना कॉलेजं स्वतःची परीक्षा घेऊन प्रवेश देत. प्रत्येक ठिकाणची परीक्षा वेगळी, म्हणून १९०० साली सामायिक परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड स्थापन झालं. १९२६मध्ये एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा पहिल्यांदा झाली.

पण त्याच दशकात दुसरं काहीतरी घडत होतं. परीक्षेच्या जोरावर ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येने हार्वर्डमध्ये येऊ लागले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२मध्ये त्यांच्या संख्येवर मर्यादा घालायचा प्रयत्न केला. उघड कोट्याला प्राध्यापकांनी विरोध केला. मग १९२६च्या सुमारास ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना वजन आलं. छायाचित्र, मुलाखत आणि शिफारस महत्त्वाची ठरली. इतर नामांकित कॉलेजांतही असंच वारं होतं. आज आपण ज्याला सर्वांगीण मूल्यमापन म्हणतो, म्हणजे नुसते गुण न बघता निबंध, उपक्रम, शिफारशी असं सगळं बघून निवड करणं, त्याचं एक मूळ असं वगळण्याच्या इच्छेत आहे. हे सांगितलंच पाहिजे, कारण ही पद्धत अपारदर्शक का वाटते याचं उत्तर तिथेच मिळतं.

पुढे हीच साधनं उलट्या दिशेनेही, म्हणजे वगळण्याऐवजी सामावून घेण्यासाठी, वापरली गेली. बोडन कॉलेजने १९६९मध्येच एसएटी ऐच्छिक केली. २०२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, तरी स्वतःच्या अनुभवाबद्दल निबंधात लिहिण्याची मुभा ठेवली. त्यामुळे निबंधाचं महत्त्व वाढलंच.

गर्दी वाढली त्याचं एक कारण म्हणजे कॉमन ॲप. १९७५ साली १५ कॉलेजांनी एकच सामायिक अर्ज सुरू केला. आज त्यात हजाराहून अधिक संस्था आहेत. अर्ज करणं सोपं झालं, जागा मात्र तेवढ्याच राहिल्या. विल्यम्समध्ये पहिल्या वर्षाला साधारण साडेपाचशे विद्यार्थी घेतात. एवढ्या लहान वर्गात गणितवालाही हवा, चेलो वाजवणाराही हवा, म्हणून नकार म्हणजे नापास नव्हे.

कॉमन ॲपचा अर्ज १ ऑगस्टला उघडतो. मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, उपक्रम जास्तीत जास्त दहा, आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं, तीही मोकळ्या जागा धरून. ‘गणेशोत्सव मंडळात सक्रिय सहभाग’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘मंडळाचा खजिनदार, वर्गणीचा हिशोब वहीतून स्प्रेडशीटवर आणला, दर आठवड्याला फळ्यावर लावला’ यातून मुलगा दिसतो. आपल्याकडची मुलं बहुतेकदा प्रमाणपत्रं मोजतात. वाचणारा मात्र काय केलं ते शोधत असतो.

राज्य मंडळाच्या मुलांचं खरं घोडं अडतं ते कागदपत्रांत. नववी ते बारावीचे गुण लागतात, म्हणजे दोन वर्षं शाळेची, दोन ज्युनिअर कॉलेजची. ‘अकरावी कुठे मोजतात?’ म्हणून क्लासच्या नादात ती सोडून दिलेली असते, आणि इथे नेमकी तीच दिसते. ज्युनिअर कॉलेजच्या तुकडीत शंभरावर मुलं. शिक्षक नावानिशी ओळखत नाहीत आणि शिफारसपत्र ‘हुशार, शिस्तप्रिय’ एवढ्यावर संपतं. म्हणून अकरावीतच दोन शिक्षकांशी विषयाबद्दल बोलणं सुरू ठेवावं, आणि मागणी जुलैत करावी, दिवाळीच्या सुट्टीत नव्हे. नावाचाही घोळ होतो: गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर वेगळी मांडणी. एसएटी आणि अर्ज दोन्हीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहावं.

अर्ली डिसिजन या लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, नियमित फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. अर्ली डिसिजन बंधनकारक असतं: तिथे निवड झाली की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. ही फेरी एकाच कॉलेजासाठी वापरता येते, आणि घरच्या पैशांचं गणित आधी मांडल्याशिवाय वापरूच नये.

पैशांच्या बाबतीत सर्वांत महाग चूक होते. ॲमहर्स्ट आणि बोडन परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याला मदत लागते का हे बघत नाहीत. बहुतेक कॉलेजं बघतात. या भीतीने पालक ‘मदत नको’ असं लिहितात आणि निवड झाल्यावर मागू म्हणतात. अनेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला नंतर मागायची संधीच देत नाहीत. त्यामुळे सीएसएस प्रोफाइल (मदतीसाठी घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा फॉर्म), आयकर विवरणपत्रं आणि नोकरदारांचा ‘फॉर्म १६’ हे सगळं ऑक्टोबरपर्यंत तयार हवं. दुकान किंवा छोटा धंदा असलेल्या घरांनी तर आधीच बसून वर्षाचा नफा आणि घरखर्च वेगवेगळा काढून ठेवावा, कारण तिथे गल्ल्यातला पैसा आणि घरचा पैसा एकच असतो आणि सीएसएस प्रोफाइल तो वेगळा मागतं.