नदीबर्फ (अलास्का)

अलास्काच्या अंतर्भागातील नद्या साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत गोठलेल्या असतात. युकॉन (लांबी सु. ३,१९० किमी.), तिची उपनदी टॅनाना आणि कस्कोक्विम या त्यांतील प्रमुख. या नद्यांच्या काठची बहुतेक गावे रस्त्यांच्या जाळ्यात नाहीत. उन्हाळ्यात होडी आणि हिवाळ्यात स्नोमोबाइल (तिकडच्या बोलीत ‘स्नोमशीन’) हीच रोजची वाहने. त्यामुळे नदी गोठली म्हणजे वाट बंद झाली असे नव्हे, सुरू झाली असे समजतात. हिवाळ्यातले बरेचसे अपघातही याच वाटेवर होतात.

मराठीत आभाळातून पडतो तोही बर्फ आणि पाणी गोठून होतो तोही बर्फच. इथे मात्र भुरभुरणारे ते हिम आणि गोठलेले पाणी तो बर्फ, असा भेद पाळणे भाग आहे, कारण नदीवर या दोहोंचे एकमेकांशी पटत नाही.

तळ्याचे पाणी शांत असते. ४° से.च्या आसपासचे जड पाणी तळाशी राहते, वरचा थर आणखी थंड होतो आणि गोठतो. नदीचे पाणी सतत घुसळले जात असल्याने तळापासून वरपर्यंत सगळेच शून्याला येते, कधी शून्याच्याही किंचित खाली जाते. अशा पाण्यात बर्फाच्या बारीक चकत्या तयार होतात. यांना ‘फ्राझिल’ म्हणतात. त्या एकमेकींना चिकटतात, लगद्यासारख्या तरंगू लागतात आणि अरुंद जागी अडकून थिजतात. काही थेट तळाच्या गोट्यांना चिकटून बसतात. दुसरीकडे काठापासून बर्फाची कड आत सरकत असते. या सगळ्याचे सांधे जुळून जे आवरण तयार होते ते कुठेच सारखे नसते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला जिथे धार लागते, जिथे तळातून झरे येतात किंवा उपनदी मिळते, तिथे भर जानेवारीतही ते पातळ असू शकते. त्यावर हिम पडले की फसवणूक पुरी होते. हिम गोधडीसारखे काम करते, खालच्या बर्फाला थंडी पोचू देत नाही आणि भोकही झाकून टाकते.

नितळ, नव्या बर्फाची जाडी पायी जाणाऱ्याला किमान १० सेंमी., स्नोमोबाइलला १२ ते १८ सेंमी. आणि लहान मोटारीला २० ते ३० सेंमी. असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. हिम भिजून गोठलेला पांढरा बर्फ याच्या निम्म्याच ताकदीचा धरतात. मात्र हे आकडे एका जागेपुरतेच खरे; दहा पावलांवर गणित बदलते. म्हणून जाणती माणसे लोखंडी टोकाचा दांडा आपटत पुढे जातात. टोक टणकन उडाले तर पाऊल टाकायचे; आवाज पोकळ आला किंवा टोक रुतून ओल दिसली तर आल्या पावली मागे फिरायचे.

कडाक्याच्या थंडीतला वेगळाच धोका म्हणजे ‘ओव्हरफ्लो’. बर्फ खालून जाड होत गेला की पाण्याला जागा उरत नाही, किंवा हिमाच्या भाराने बर्फ दबतो. मग पाणी भेगांतून वर येऊन हिमाखाली पसरते. वरून सगळे कोरडे पांढरे दिसते, पाय मात्र घोट्यापर्यंत लगद्यात जातो. उणे ३०° से.मध्ये ओले बूट म्हणजे काही मिनिटांत हिमदंशाची सुरुवात. लडाखात झंस्कर नदीच्या ‘चादर’वर जाणाऱ्या मराठी ट्रेकरांना बर्फावर चढणारे असे पाणी ओळखीचे आहे.

थंडीपेक्षा ऊबही कधी अधिक अडचणीची ठरते. २६ डिसेंबर २०२१ला फेअरबँक्समध्ये ऐन हिवाळ्यात जोरदार पाऊस झाला. गोठलेल्या जमिनीवर पडताच त्याचा बर्फ झाला आणि तो रस्त्यांना पुढे कित्येक आठवडे सिमेंटसारखा चिकटून राहिला. कस्कोक्विमवर बेथेल गावाजवळ दरवर्षी हिम बाजूला सारून बर्फाचाच मोटाररस्ता काढतात. उबदार हिवाळ्यात तो उशिरा सुरू होतो. नदीवरच्या उघड्या पाण्याची टेहळणी करून खुणा लावण्याचे काम तिथले स्वयंसेवक करतात.

‘ब्रेकअप’ म्हटले की अलास्कात कुणाला प्रेमभंग आठवत नाही, नदी सुटणे आठवते. वसंतात उन्हाने बर्फाचे उभे स्फटिक सुटे होतात. अशा बर्फाचा अर्ध्या हाताचा तुकडा आपटला, तर बोटाएवढ्या कांड्या किणकिणत विखुरतात, काचेच्या बांगड्या फुटाव्यात तशा. जाडी तीच, पण त्यावर माणूसही पेलत नाही. बर्फ असा जागच्या जागी कुजला तर नदी निमूट सुटते. तो टणक असतानाच वरच्या अंगाला हिम झपाट्याने वितळले, तर पुराचे पाणी लाद्या उखडून खाली लोटते. त्या वळणावर किंवा बेटाशी अडकल्या की बर्फकोंडी होते आणि मागे पाणी तासातासाला चढते. मे २००९मध्ये युकॉनकाठच्या ईगल येथे घराएवढ्या लाद्यांनी इमारती पायापासून ढकलून दिल्या. मे २०१३मध्ये गॅलीनाच्या खालच्या अंगाला बिशप रॉकपाशी कोंडी होऊन गाव बुडाले. बहुतेक रहिवाशांना विमानाने हलवावे लागले. या काळात हवामान खात्याचे आणि आपत्ती विभागाचे लोक छोट्या विमानातून नदी न्याहाळत गावोगाव इशारे देतात. ‘रिव्हर वॉच’ नावाने ही मोहीम चालते.

बर्फ कधी सुटेल यावर टॅनानाकाठच्या नेनाना गावी १९१७पासून पैज लागते. सुरुवात रेल्वेच्या बांधकामावरील लोकांनी केली. नदीवर लाकडी तिवई उभारून ती दोरीने काठावरच्या घड्याळाला जोडतात. बर्फ हलला की घड्याळ थांबते. (तिवईला पाय मात्र चार असतात.) या खेळामुळे हवामानशास्त्राला शतकभराच्या तारखांची अस्सल नोंदवही आयती मिळाली. २०१३मध्ये बर्फ २० मेपर्यंत टिकला होता, २०१९मध्ये १४ एप्रिललाच सुटला.

बर्फ वाहून गेल्यावर पाण्यासोबत उन्मळलेले ओंडके येतात. काठची माणसे होड्या घालून ते ओढून आणतात. पुढच्या हिवाळ्याचे सरपण त्यातूनच होते.